उतरायची जागा

धम्मशीलानं पेडगावच्या नव्या हॉटेलासमोर दोन्ही ब्रेक दाबले, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, आणि ब्रेक सोडून दिले. सायकल जरा डुगडुगली. मग सावरली, आणि खुर्च्या मांडून बसलेल्या सगळ्या मंडळींच्या डोळ्यांदेखत सरळ पुढं निघून गेली.

"ओ ताई! चहा हितंय!" त्यांच्यातली अपेक्षा ओरडली.

धम्मशीलानं मागं न बघता एक हात वर केला. हात वर केल्यानं सायकल परत डुगडुगली, म्हणून तो लगेच खाली घेतला.

अडचण साधी होती. तिला सायकल चालवता येत होती, उतरता येत नव्हतं. धम्मशीला जिल्हा परिषदेत कारकून. वय पंचेचाळीसच्या पुढं. पोरगी शिकायला पुण्याला गेली आणि पोरीची सायकल जिन्याखाली धूळ खात पडली, ती तिनं पुसून बाहेर काढली. शाळेच्या ग्राउंडवर चालवायला शिकायला आठवडा लागला नाही. उतरायला शिकताना मात्र ती डाव्या अंगाला कलंडली ती थेट वॉचमनच्या बायकोनं वाळत घातलेल्या कुरडयांवर. कुरडया गेल्या, आणि त्यांच्याबरोबर तिची हिंमतही गेली. त्या दिवसापासून ब्रेक दाबला, जमीन दिसली, की पाय पायंडलला चिकटायचे.

मग तिनं तोडगा काढला. घरी शेजाऱ्यांचा ओटा, स्टेडियमजवळ पायरी, आणि पेडगावच्या अलीकडं जुन्या टपरीशेजारी पुलाचा कठडा. सायकल हळूच कडेला घ्यायची, डावा पाय कठड्यावर टेकवायचा आणि ऐटीत उतरायचं. बघणाऱ्याला वाटायचं, बाई स्टाइल मारायलीय.

आज जुन्या टपरीवाल्यानं टपरी बंद ठेवली होती. मेव्हणीचं लग्न होतं. मंडळी म्हणाली, पुढं नवं हॉटेल झालंय, तिथं जाऊ. नव्या हॉटेलासमोर मोकळं मैदान होतं, झाडलेलं, पाणी शिंपडलेलं, सपाट. अख्ख्या जिल्ह्यात उतरायला इतकी चांगली जागा नसेल. धम्मशीलाच्या ती काही कामाची नव्हती.

आता पडायला हरकत नव्हती. पण समोर 'पायंडल परिवार' बसला होता.

पायंडल परिवार हा परभणीतल्या रविवारी सायकल चालवणाऱ्यांचा ग्रुप. त्याचे लीडर महारुद्रभाऊ, खतं-बियाणांचे व्यापारी. परिवारात सायकलीपेक्षा अनुभवकथन मोठं. राइड संपली की गोल करून बसायचं आणि आपल्याला काय अनुभव आला ते एकेकानं सांगायचं, म्हणजे बाकीच्यांचा कॉन्फिडन्स वाढतो. "सायकल पायानं चालत न्हाई, कॉन्फिडन्सनं चालती," असं महारुद्रभाऊ दर रविवारी सांगायचे. कॉन्फिडन्स वाढतही होता. कॉलेजातल्या भागवत सरांच्या मागं एकदा एक कुत्रं लागलं होतं. पुढच्या रविवारी त्यांनी तोच अनुभव सांगितला तेव्हा कुत्री तीन झाली. आता त्यात एक लांडगा येईल अशी सगळ्यांना आशा होती.

चार रविवार नीट काढले की नवा माणूस 'पक्का'. त्याला पिवळा टी-शर्ट मिळायचा आणि लांबच्या राइडला नेलं जायचं. ज्याचा कंट्रोल नाही, त्याला नेत नव्हते. आज धम्मशीलाचा चौथा रविवार. पुढच्या रविवारी जिंतूर.

आणि जिंतूरच्या रस्त्याला, झरीच्या पुढं एका फाट्यावरून आत तिचं माहेर. तिनं आईला फोनवर सांगून टाकलं होतं, की रविवारी सायकलीवर येते. आई बायनाबाईनं ते अर्ध्या गावाला सांगितलं होतं. आई फाट्यावर येऊन उभी राहणार होती. त्या फाट्यावर ना ओटा, ना पायरी, ना कठडा. धम्मशीलानं मनातल्या मनात तो फाटा चारी बाजूंनी फिरून बघितला होता. तिला एकच मार्ग दिसत होता. आईला टाटा करायचा आणि पुढं निघून जायचं.

हॉटेलात गोंधळ झाला. ग्रुपचं शेपूट सांभाळायला मागं राहिलेले महारुद्रभाऊ तेवढ्यात आले. कार्बनची सायकल, डोळ्यांवर रंगीत गॉगल, पायात नवेकोरे बूट. ते थांबतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी हॉटेलासमोर एक गोल चक्कर मारली. मग आणखी एक मारली.

"बसा, बसा तुमी," ते म्हणाले. "मी ताईंना बघून येतो."

आणि तेही गेले.

भागवत सरांनी चष्मा पुसला. "माझ्या लक्षात आलंय," ते म्हणाले. "हे ठरवून चाललंय. जिंतूरच्या आधी स्टॅमिना बघायलेत आपला."

"मग आपण बसून काय करायलोत?" अपेक्षा उठली. ती बँकेत कामाला होती, आणि राइडचा व्हिडिओ काढल्याशिवाय तिची राइड पुरी होत नव्हती.

एक उठला म्हणून दुसरा उठला. थकलो असं म्हणायला कुणी तयार होईना.

"ओ साहेब, चहा टाकला की!" हॉटेलवाला भांडं घेऊन रस्त्यापर्यंत धावला.

"आलोच!" भागवत सर म्हणाले, आणि सगळा परिवार मानवतच्या दिशेनं सुटला.

पुढं महारुद्रभाऊंनी धम्मशीलाला गाठलं. थोडा वेळ दोघं शेजारी-शेजारी चालले. दोन्ही बाजूंनी सोयाबीन निघालेली काळी रानं, मधेच कापूस. ऊन अजून कोवळं होतं.

"ताई, लय जोरात चाललात की."

"हो."

"कुठवर जायचा इरादा हाय?"

"बघू."

एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. महारुद्रभाऊंनी तो जाऊ दिला.

"न्हाई, म्हंजी मधी कुठं थांबायचं वगैरे?"

"तुमी थांबा की भाऊ. लीडर तुमी."

महारुद्रभाऊंनी मागं वळून बघितलं. परिवार लांब होता, पिवळे ठिपके दिसत होते. त्यांनी सायकल जरा जवळ घेतली आणि आवाज खाली आणला.

"बूट अडकलेत माझे."

धम्मशीलानं खाली बघितलं. बूट चकचकीत होते. त्यांच्या तळाला एक लोखंडी तुकडा असतो, तो पायंडलच्या खाचेत खट्‌कन बसतो, त्यानं म्हणे जोर वाया जात नाही. सोडवायला टाच बाहेर झटकायची. महारुद्रभाऊंनी ते परवाच पार्सलनं मागवले होते. आज पहिला दिवस.

"घरी भिंतीला धरून सुटत होते," ते म्हणाले. "आता भिंत न्हाई."

"निघताना कसं केलं?"

"खांबाला धरून चढलो."

धम्मशीलानं हसू दाबलं. दाबता दाबता सायकल डुगडुगली, तेव्हा ते तोंडातून निसटलंच.

"हसा, हसा," महारुद्रभाऊ म्हणाले. "पर थांबा कुठंतरी. तुमी उतरा, माझी सायकल धरा, मी पाय काढतो. कुणाला कळायच्या आत होऊन जाईल."

एक बैलगाडी आली, मागं पडली. मैलाचा एक दगड आला, पण तो गवतात पार आत होता.

"भाऊ, मला उतरता येत न्हाई."

"म्हंजी आज?"

"कधीच न्हाई."

"मग तीन रविवार काय केलं?"

"कठडा."

"आन् स्टेडियमला?"

"पायरी."

महारुद्रभाऊंनी गॉगल वर सरकवला.

"मग आता आपण दोघं चाललोत कुठं?"

"मानवतला," धम्मशीला म्हणाली. "बसस्टँडात प्लॅटफॉर्म असंल. मी तिथं पाय टेकते, तुमी खांब धरा."

योजना बिनचूक होती. एसटीच्या दोन गाड्यांमधी दोन सायकली लावायच्या, एवढंच.

मानवत काही आलं नाही. त्याच्या आधी सोयाबीन आलं.

रस्त्याची डावी बाजू लांबलचक अडवून कुणीतरी सोयाबीन वाळत घातलं होतं, कडेनं दगड आणि बाभळीच्या फांद्या लावून. पलीकडं भुसकटाचा मोठा ढीग. ढिगाजवळ एक म्हातारी हातात काठी घेऊन कोंबड्या हाकत बसली होती. गाड्या राहिलेल्या अर्ध्या रस्त्यानं जायच्या, आणि त्या अर्ध्या रस्त्यानं आत्ता समोरून एसटी येत होती, जवळजवळ सगळाच रस्ता घेऊन.

"ताई, ब्रेक!"

"ब्रेक लावून काय करू?"

धम्मशीलानं दोन फांद्यांमधली फट बघितली आणि हँडल वळवलं. सोयाबीनवरून चाक सरसर सरकलं. कोंबड्या उडाल्या. सायकल ढिगात निम्मी घुसली आणि धम्मशीला उरलेल्या निम्म्यावरून पुढं जाऊन भुसकटात बसली, मांडी घालून, जशी जेवायला बसावी.

महारुद्रभाऊ तिच्या मागोमाग आले. त्यांच्या बारीक टायरांना सोयाबीन मानवलं नाही. सायकल आडवी झाली, भाऊ पुढं निघून गेले, आणि बूट पायंडललाच राहिले.

एसटी हॉर्न वाजवत निघून गेली. खिडकीतून एका माणसानं टाळ्या वाजवल्या.

"मेल्याहो!" म्हातारी काठी टेकत उठली. "एवढा मोठा डांबरी रस्ता सरकारनं केला, तो काय कमी पडला व्हय तुमाला? माझं सोयाबीन पार उधळून टाकलं की!"

"चुकलं मावशी," धम्मशीला भुसकट थुंकत म्हणाली.

"लागलं का?"

"न्हाई."

"मग ऊठ की. आन् ह्यो बाप्या चड्डीवर का फिरायलाय? कपडे कुठं गेले ह्याचे?"

महारुद्रभाऊंनी दोन्ही हात मांड्यांवर ठेवले.

तेवढ्यात परिवार पोचला. सगळ्यांच्या जिभा बाहेर आल्या होत्या. लीडर आणि ताई ढिगाजवळ बसलेले बघून त्यांना वाटलं, थांबायची जागा हीच. एकेकजण 'सुटलो' म्हणत उतरला. भागवत सर उतरता उतरता सोयाबीनवर पाय पडून खाली बसले, आणि आपण मुद्दाम बसलो असा चेहरा केला. अपेक्षानं मोबाइल काढला.

"आधी दाणं गोळा करा," म्हातारी म्हणाली. तिचं नाव चांगुणाबाई, हे तिनं स्वतःच सांगून टाकलं. "चांगुणाबाईच्या सोयाबीनवर पाय दिऊन अजून कोणी तसंच गेलं न्हाई. तो फोन ठिव, पोरी. दोन्ही हात लागतेत ह्याला."

अशा रीतीनं पायंडल परिवार, हेल्मेटासकट, रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून सोयाबीन वेचायला लागला. येणारे-जाणारे मोटरसायकली हळू करून बघत होते. पण राइड झाली म्हणजे अनुभवकथन व्हायलाच पाहिजे. भागवत सरांना राहवलं नाही.

"आज आपल्याला एक फार मोठा अनुभव..."

"येचत येचत बोल," चांगुणाबाई म्हणाली.

"...अनुभव मिळाला," सर वेचत म्हणाले. "माणूस पेडगावला थांबतो, कारण त्याला वाटतं पेडगावला थांबायचं असतं. ताई थांबल्या न्हाईत. आपल्याला वाटलं, झालं आपलं. पण न्हाई! आपल्यात अजून जोर होता, तो ताईंनी बाहेर काढला."

दोघा-तिघांनी ओंजळीतलं सोयाबीन सांभाळत 'वा' म्हटलं. महारुद्रभाऊंना एकदम हलकं वाटलं. ते मोज्यांवरच उठले, आपल्या सायकलीकडं न बघता पाठीवरची सॅक उघडली आणि पिवळा टी-शर्ट काढला.

"टेस्टच होती," ते म्हणाले. "मी आन् ताईंनी मिळून घेतली. ताई आजपासून पक्क्या. जिंतूरला ताई पुढं राहतील."

टाळ्या पडल्या. काही सोयाबीन परत सांडलं.

धम्मशीलानं टी-शर्ट हातात घेतला. छान होता. मापही बरोबर होतं. तिनं त्याच्यावर पडलेलं भुसकट एकेक करून झटकलं, घडी घातली, ती मोडली, परत घातली.

"एक इचारू का बाई?" चांगुणाबाई सूप आपटत म्हणाली. "तू येताना मी बघत हुते. तुझ्या गाडीला ब्रेक न्हाई व्हय?"

सगळे हसले. महारुद्रभाऊ जरा जास्तच हसले.

"ब्रेक हाय मावशी," धम्मशीला म्हणाली. "मला उतरता येत न्हाई."

हसणं एकेक करून बंद पडलं.

"पेडगावला उतरता आलं न्हाई म्हणून मी पुढं आले. टेस्ट-बिस्ट काही नव्हती. हितं ढीग होता म्हणून थांबले, न्हाईतर अजून चाललेच असते."

तिनं टी-शर्ट महारुद्रभाऊंच्या सॅकवर ठेवला. बुटांचं नाव काढलं नाही.

सगळे लीडरकडं बघायला लागले. कंट्रोल नाही, तर जिंतूर नाही, हा नियम त्यांचाच. भागवत सरांची नजर लीडरवरून हळूहळू त्यांच्या सायकलीवर गेली. सायकल सोयाबीनमधी आडवी पडली होती. तिच्या एका पायंडलला एक बूट होता, दुसऱ्याला दुसरा. दोन्ही रिकामे, लेस बांधलेले. सरांनी अपेक्षाला कोपर मारलं. अपेक्षानंही बघितलं. मग दोघंही परत सोयाबीन वेचायला लागले.

"नियम असा हाय," महारुद्रभाऊंनी घसा साफ केला आणि आपल्या मोज्यांना चिकटलेलं भुसकट बघितलं. "नियम असा हाय, की जिंतूरला अजून आठ दिवस हायत."

"मग हितंच शीक की," चांगुणाबाई म्हणाली. "पडलीस तर भुसकटात पडशील. आयतीच गादी हाय. पर सोयाबीनवर आलीस तर ही काठी बघ."

धम्मशीला पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधून उभी राहिली. अपेक्षानं सायकल धरली, ती चढली, सुटली. ढिगाजवळ ब्रेक दाबला. धप्प.

"डावा पाय आधी टाका ताई!"

धप्प.

"डावा कशाला? ज्याचा जो वापरात हाय तो. उजवा टाका!"

धप्प.

"गुरुत्वमध्य," भागवत सर म्हणाले, "गुरुत्वमध्य खाली आणा."

गुरुत्वमध्य फारच खाली आला. कोंबड्यांना आता सवय झाली होती. ती पडली की तिच्याभोवती दाणे शोधायला यायच्या.

"सीटवरून पुढं सरका आधी."

"सरकू नका ताई, मी एकदा सरकलो होतो तेव्हा..."

"सर, कुत्र्याचा अनुभव नंतर."

"हा कुत्र्याचा न्हाई, हा म्हशीचा हाय."

"गप बसा जरा सगळे!" धम्मशीला भुसकटातून ओरडली.

पण कोणी गप बसलं नाही. उतरताना आधी ब्रेक की आधी पाय, यावर आता दोन गट पडले होते, आणि महारुद्रभाऊ मोज्यांवर उभे राहून दोन्ही गटांना दुजोरा देत होते. म्हणून धम्मशीलानं त्यांच्याकडं पाठ केली. सायकल उचलली. जरा लांबून, कुणाची मदत न घेता, आली. ब्रेक दाबला. पायंडल सोडलं, सीटवरून पुढं आली, आणि रस्ता तिच्या तळपायाला लागला. ऊन लागून गरम झालेला, खडबडीत. ती तशीच उभी राहिली. मग दुसरा पाय खाली घेतला. सायकल तिच्या शेजारी गप उभी होती.

मागं वाद चालूच होता.

"अरे, काय भांडायलात?" चांगुणाबाई पाखडता पाखडता म्हणाली. "ती उतरली की कवाच."

धम्मशीला परत चढली, परत उतरली. मग डाव्या अंगाला उतरली, मग उजव्या. तिला उतरायचं वेडच लागलं. परतीच्या वाटेवर ती विनाकारण सात-आठ ठिकाणी उतरली, एकदा तर नुसतं एक बाभळीचं झाड बघायला, आणि दर वेळी सगळ्या परिवाराला थांबावं लागलं. पेडगावच्या हॉटेलासमोर ती सगळ्यांत आधी उतरली आणि गार झालेले चहा सगळ्यांना प्यायला लावले.

पुढच्या रविवारी झरी मागं पडली तेव्हा ती पुढं होती, अंगात पिवळा टी-शर्ट. महारुद्रभाऊ तिच्या मागं, पायात साध्या चपला. फाटा दिसला. फाट्यावर माणसं दिसली. तिचा भाऊ सिद्धोधन, वहिनी, शेजारपाजार, आणि सगळ्यांच्या पुढं इस्त्रीचं पांढरं पातळ नेसलेली आई.

धम्मशीलानं लांबूनच ब्रेक हलके दाबले. घाई केली नाही. अगदी आईच्या समोर सायकल थांबवली, डावा पाय टेकवला, उतरली. नीट, सरळ, कशालाही न धरता.

"जयभीम आई."

"जयभीम," बायनाबाई म्हणाली. तिनं लेकीला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग सायकलीला बघितलं. "उतरलीस कशाला गं?"

"कशाला म्हंजी? तुला भेटायला."

"भेटायला घर न्हाई का?" बायनाबाईनं पदर कमरेला खोचला आणि मागचं कॅरिअर हातानं दाबून बघितलं. "चल, बसव मला. गल्लीतून ने."

"आई, डबलसीट न्हाई जमत तिला," सिद्धोधन म्हणाला. "पडताल दोघी."

बायनाबाई तोवर कॅरिअरवर बसली होती, एका अंगाला पाय सोडून, एसटीत जागा धरावी तशी घट्ट. धम्मशीलानं मागं बघितलं. परिवार रांगेत उभा होता. महारुद्रभाऊंनी तोंड उघडलं, भागवत सरांनी उघडलं, आणि दोघांनीही ते मिटलं.

"धर मग नीट," धम्मशीला म्हणाली, आणि पायंडलवर पाय ठेवला.

"धरलंय," मागून आई म्हणाली. "आन् ऐक. मधी कुठं थांबू नको."